शेवटच्या ओळीतलं नाव

केंदूर, ता. शिरूर
२ मे २०२५

ती. जालिंदरदादास,

धाकट्या अनिताचा नमस्कार. आम्ही समदी खुशाल हाय. तू, वहिनी आन् पोरं दौंडात बरी असाल. तुमच्या रेल्वेच्या क्वार्टरात ऊन लई तापतं म्हणं. आईचा गुडघा दुखतो, पण तोंड अजून तसंच हाय. साळूबाई उठल्या हे शेजारच्यांना सकाळीच कळतं. कांदा चाळीत गेला. यंदा माल चांगला निघाला.

अकरा वर्सांनी पत्र कशाला, असं तुला वाटंल. फोन तू उचलला नसतास, आन् उचलला असतास तर मला बोलता आलं नसतं.

आधी आनंदाची बातमी. आपलं कंपनीच्या बसचं भारूड पुण्याचे लोक सिनेमात घेत्यात! सणसवाडीला कामाला जाणाऱ्या बायांवरचा सिनेमा हाय. त्यांचा माणूस यात्रेच्या आधी आपल्या तालमीला आला. 'भोंगा झाला सासूबाई, बस आली वेशीपाशी. भाकर राहिली तव्यावर, उलटा तुम्ही कशीबशी' ऐकून पोट धरून हसला. चार दिवसांत करारनामा हजर. आपल्या मंडळाचं नाव पडद्यावर! म्हाळूनं झांजा घासून लख्ख केल्या, जसा काय झांजांचाच फोटू निघणार.

मी मंडळाची सचिव, सही माझीच. पण तहमीना म्हणाली, वाचल्याबिगर सही न्हाई. बाबुलालचाचांची तहमीना, ढोलकीच्या खोळीवर डोकं ठेवून झोपायची ती! आता शिरूर कोर्टात वकील हाय. ऊर भरून येतो बघ. तिनं करार ओळ न् ओळ वाचला. 'सर्व हक्क कायमचे' असं कलम होतं, ते खोडायला लावलं. "ताई, गाणं सिनेमापुरतं द्यायचं, घरदार लिहून द्यायचं न्हाई." मग तिनं विचारलं, "हे लिहिलं कुणी?"

म्हाळू म्हणाला, "शेवटच्या ओळीत हाय की. 'हौसराव म्हणे ऐका, सुनेनं घर तारलं.' आबांचंच."

"मग सोपं हाय," तहमीना म्हणाली. "आबांनी जाण्याआधी आपली समदी गाणी मंडळाला लिहून दिल्यात. मंडळानं सही केली की झालं. पण दुसऱ्या कुणी लिहिलं असंल, तर हक्क त्याचा, ओळीत नाव कुणाचं का असंना." आन् तिनं माझ्याकडं बघितलं. "वही तुमच्या अक्षरात हाय. आबांनीच सांगितलं ना?"

दादा, ह्याच प्रश्नाला अकरा वर्सांमागं मी व्हय म्हणाले होते. मंडळाच्या भर बैठकीत. गाणं माझं, शेवटी माझं नाव येऊ द्या, एवढंच तू मागितलंस. आबा आपले बाप, तसे मंडळाचे गुरू, आन् आपल्याकडं गुरूचंच नाव घालायची रीत, म्हणून कुणी तुझी बाजू घेतली न्हाई. तू माझ्याकडं बघितलंस. मी म्हणाले, आबांनी सांगितलं, मी उतरून घेतलं. तवा लकव्यानं आबांचं बोलणं माझ्याशिवाय कुणाला कळतच नव्हतं, म्हणून लोकांनी ते खरं धरलं, आन् तू मंडळ सोडलंस.

खरं काय ते तुला ठाऊक हाय. चाळीपुढं आपण दोघं कांदा निवडत होतो. तू एकेक ओळ बोलायचास आन् मी खताच्या गोणीवर वही ठेवून लिहायचे. हसून हसून निम्मा कांदा तसाच राहिला.

आबांच्या मानासाठी बोलले, असं मी सांगत आले. खोटं हाय ते. गाणं तुझं ठरलं तर तू घेऊन जाशील, आन् मला पुढं उभं राहून गायला काही उरणार न्हाई, ह्या भीतीनं बोलले. लाज वाटती दादा.

ह्या वेळी मी न्हाई म्हणाले. "जालिंदरदादानं लिहिलं."

"अगं, जमलेलं लगीन मोडतीस व्हय!" म्हाळू ओरडला. चाचा मात्र ढोलकी आवळत म्हणाले, "मला माहीत होतं. आबा गाण्यात दम घ्यायला जागा ठेवायचे. ह्यात जागाच न्हाई, नुसती पळापळ." मी म्हणाले, मग बोलला का न्हाईत? तर म्हणाले, "तुझ्या तोंडून निघायची वाट बघत होतो, बेटी."

सोबत दोन कागद हायत. एक करारनामा, लेखक म्हणून तुझं नाव, सहीची जागा कोरी. सिनेमावाले महिनाभर थांबणार हायत. दुसरं माझं प्रतिज्ञापत्र, शिरूरला नोटरीपुढं केलेलं: भारूड तुझं, बैठकीत मी खोटं बोलले. करारावर सही कर न्हाईतर फाडून टाक, मी एक शब्द बोलणार न्हाई. प्रतिज्ञापत्र मात्र जपून ठेव. ते तुझंच हाय, करारावर सही कर न्हाईतर नको करू.

आन् एक सांगायचं राहिलं. परवा यात्रेत भारूड मीच गायलं. शेवटच्या ओळीला, कुणाला न विचारता, म्हणाले, 'हौसरावाचा जालिंदर म्हणे, सुनेनं घर तारलं.' मंडपात जरा कुजबूज झाली. चाचांनी अशी थाप दिली की कुजबूज तिथंच विरली, आन् मग टाळ्या. आई पहिल्या रांगेतून ओरडली, "परत म्हण!" तीनदा म्हणायला लावलं तिनं. एवढा मोकळा आवाज माझा कवा लागला नव्हता. असा भाऊ माझा हाय, हे गावापुढं गाऊन सांगितलं मी.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

हौसरावाच्या जालिंदरची धाकटी बहीण,
अनिता