म्हशीनं खाल्लेली खोप

१२ डिसेंबर, गुरुवार

दोन्ही गुडघे बदलायचे ठरले. ३ जानेवारी, साताऱ्याला. डॉक्टर हसतमुख आहेत — "मावशी, नवे कोरे मिळणार! फक्त यापुढं मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही, जमिनीवर झोपायचं नाही."

कोरेगावला परत येताना गाडीत मला दुसरं काही सुचेचना. नुसती पाचगणीची खोप डोळ्यांपुढं. नववीत होते. गाईडचा कॅम्प. सिस्टर फिलोमिनांनी आम्हा मुलींकडून कारवीची खोप बांधून घेतली होती आणि रात्री तिच्यात झोपायची पाळी माझी होती. चार वाजता बाबांची जीप आली. ताईला बघायला फलटणची मंडळी येणार होती — पोहे द्यायला धाकटी हवी! लग्न काही जमलं नाही. माझ्या खोपीत दुसरीच कुणी झोपली.

रात्री जेवताना यांना म्हटलं, "हे गुडघे आहेत तोवर मला एक रात्र खोपीत झोपायचंय."

हसतील असं वाटलं होतं. "झोपू की! त्यात काय? उणे वीसला बर्फात राहिलोय मी."

चाळीस वर्षं ऐकतेय ही उणे वीसची गोष्ट. आमच्या लग्नात भटजी मंत्र म्हणत होते तेव्हाही हे माझ्या मामांना तीच सांगत होते.

१३ डिसेंबर

यांनी ट्रंकेतून मिलिटरीतली शिट्टी काढली. आता माझं काही खरं नाही.

१५ डिसेंबर, रविवार

जागा ठरली — परसाच्या मागं, चिंचेखाली. परवाच ऊस तुटून गेलाय. शेतात पाचटाचा नुसता गालिचा. मी म्हटलं, पाचटाची बांधू, वाळलेलं आहे, ऊब धरतं.

"पाचट पेटतं. हिरवं पायजे. आमी देवदाराच्या हिरव्या फांद्या घालायचो."

इथं देवदार कुठला! म्हणून उसाच्या शेंड्यांचे हिरवे वाढे आणले. शिट्टी वाजली की मी वाढे पुढं करायचे, दोनदा वाजली की थांबायचं. संध्याकाळपर्यंत हिरवीगार खोप उभी राहिली. शेजारची बनुबाई भारा घेऊन चालली होती, ती थांबलीच.

"आवं सुभेदार, कुणासाठी वैरण रचलीया?"

"वैरण न्हाई. खोप हाय ती!"

"व्हय? मग तेवढं माझ्या म्हशीला सांगून ठेवा."

१६ डिसेंबर

म्हशीला सांगायचं राहिलं.

दावं तोडून आली. उत्तरेची भिंत सगळी, छप्पर अर्धं. सकाळी बघते तर आत बसून रवंथ करतेय — माझ्या जागी! बनुबाई तांब्या घेऊन आली. "आज लिटरभर जास्त दिलंय बघा. तुमचंच हाय, घ्या वैनी."

छपराचा चहा केला. हे जन्मले कोरेगावात, आणि गुरं वाढे खातात हे विसरले! म्हणे, "तिकडं म्हशी नव्हत्या."

१९ डिसेंबर, गुरुवार

दुसरी खोप. पाचटाची! हिरव्याचं पाचट कसं झालं ते मी विचारलं नाही, यांनी सांगितलं नाही. हातभर जाड थर, दार बुटकं. छान झालीय.

आता प्रश्न उबेचा. यांचं म्हणणं, दगड तापवून आत ठेवायचे. ओढ्यातले गुळगुळीत धोंडे आणले. मी म्हटलं, "सिस्टर सांगायच्या, पाण्यातला दगड विस्तवात घालायचा नाही."

"सिस्टर काश्मीरला होत्या का?"

अंगणातल्या चुलीत धोंडे घातले. पंधरा मिनिटांनी — धडाम! परत धडाम! हे सपशेल जमिनीवर. "डाऊन! डाऊन!" मला कुठलं डाऊन होता येतंय या गुडघ्यांनी? मी आपली हात जोडून उभीच.

कुंपणापलीकडनं बनुबाई, "आता आणि कोण निवडून आलं वं?"

२२ डिसेंबर, रविवार

तेलाच्या डब्याची बुखारी केली. मिलिटरीत बर्फात असते तशी शेगडी, म्हणे. हे एकटेच आत जाऊन पेटवून बसले. धुराडं नेमकं वाऱ्याच्या तोंडाला. दोन मिनिटांत काळे होऊन बाहेर आले. "काश्मीरचं वारं येगळं असतं."

पुण्याहून ऋषिराजचा फोन. "आई, बंद जागेत शेगडी? सकाळी उठणार नाही तुम्ही! त्यापेक्षा मी रिसॉर्ट बुक करतो, तंबूत गीझर असतो."

पोटचा मुलगा. तंबूत गीझर!

आत विस्तव बंद, मी जाहीर केलं. आता सिस्टरांची रीत. कोरड्या विटा बाहेर तापवायच्या, अंथरुणाच्या जागी खड्डा करून पुरायच्या, वर वीतभर माती, वर पाचट, वर गोधड्या. यांनी मुकाट्यानं खड्डा खणला.

"तुला हे कुठनं ठावं?"

"नववीतनं."

२६ डिसेंबर

उजवा गुडघा भोपळ्यासारखा सुजलाय. वाकतच नाही. खोपीचं दार कमरेइतकं, रांगल्याशिवाय आत जाता येत नाही. आणि दार मोठं केलं तर ऊब जाते.

हे म्हणाले, "ऱ्हाऊ दे आता. जिवापेक्षा का?"

स्वयंपाकघरात जाऊन उगाच कांदे चिरले. चार वाजताची जीप परत दारात आल्यासारखं वाटलं.

२९ डिसेंबर, रविवार. सकाळ

झोपले!!

काल दिवेलागणीला यांनी खताचं रिकामं पोतं आणलं. त्यावर गोधडी, गोधडीवर मी. हे उलटे आत शिरून पोतं ओढतायत, बनुबाई बाहेरनं पाय ढकलतेय. "वैनी, अंग सैल सोडा! म्हशीचं रेडकू बी यापरास लवकर निघतंय!" आम्ही तिघंही हसून हसून अर्ध्या वाटेत अडकून बसलो.

आणि मग आत! पाठीखालून विटांची ऊब, पाचटाचा गोड वास. बाहेर दहिवर, आत मी शालही काढली. पहाटेपर्यंत विटा कोमट होत्या. सिस्टर, थँक यू.

हे मात्र टक्क जागे. जरा कुठं खसफस झाली की माझा हात घट्ट धरायचे. बर्फात राहिलेला माणूस!

३० डिसेंबर

खड्ड्यातल्या विटा काढताना हे पाठमोरेच बोलले. "मी कवा वर बर्फात गेलोच न्हाई. सगळी नोकरी पठाणकोटच्या स्टोअरला. वर जाणाऱ्या पोरांना कांबळी वाटायचो. परत आलेले सांगायचे, ते ऐकायचो. काही जण परत आलेच न्हाईत. बर्फ दिसायचा. लांबनं."

मी त्यांच्या हातातली वीट घेतली. तेवढ्यात बनुबाई दूध घेऊन आली. "सुभेदार तिकडं बर्फात असंच ऱ्हायचं व्हय, वैनी?"

"याहून थंडीत, बनुबाई," मी म्हटलं. "उणे वीस!"