आजीचं बायबल, आमच्या घरी

१७ जानेवारी, शनिवार

आज जे झालं ते क्रमाने —

१. गुरुवारी सुट्टीच्या दिवशी पुण्याहून तीन बायबल आणली. पसंत पडेल ते ठेवायचं, उरलेली दोन पंधरा दिवसांत परत, अशी बोली. दुकानदाराने वर सहा छोटी पुस्तकं फुकट दिली. रोज एक पान वाचायची असतात तसली. सातवं मी विकत घेतलं : ख्रिस्ती विश्वासाची तोंडओळख.
२. घरी सांगितलं, कंपनीचं काम आहे, कागद तपासायचा आहे. मी खालापूरच्या पुठ्ठ्याच्या कारखान्यात क्वालिटीला आहे. त्यामुळे पुढे कोणी विचारलं नाही.
३. क्रमांक २ खोटं आहे. बायबल हर्षदच्या आजीसाठी आहे.
४. आज आईचं संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. मी ड्यूटीवर.
५. आईने टेबलावरची तीन जाड पुस्तकं उघडून पाहिली. आत 'परमेश्वर' दिसला. तिने ती चौरंगावर मांडली आणि हळदकुंकू वाहिलं.
६. मग आलेल्या प्रत्येक बाईने वाहिलं.
७. वाणाच्या प्लास्टिकच्या गाळण्या कमी पडल्या. येसूआत्याने छोटी पुस्तकं वाण म्हणून वाटली. सातही.
८. मी घरी आले तेव्हा तिन्ही बायबल पिवळी-लाल.

"आई, यातली दोन परत करायची होती!"

"पोथी कुणी परत करतं का गं?"

आत्या म्हणाली, "आन गाळणीपरीस बरं वाण. बायका खूश हायत."

हर्षदबद्दल लिहून ठेवते, म्हणजे पुढचा हिशेब कळेल. आमच्याच कारखान्यात मेंटेनन्सला. खोपोलीला आजीसोबत राहतो. ख्रिस्ती. पहिल्या दोन गोष्टी घरी माहीत आहेत. लग्न व्हायचं तर तिसरी सांगावी लागेल, आणि बाबा 'नाही' म्हणू शकतात. निदान त्याच्या आजीच्या मनात आधी नीट बसावं, एवढाच बेत होता.

१८ जानेवारी, रविवार

लॅबमधलं अल्कोहोल वापरून पाहिलं. कुंकू जातं. हळद जात नाही. सोनेरी अक्षरं जातात. एका प्रतीवरचं 'पवित्र' पुसलं गेलं, नुसतं 'शास्त्र' उरलं.

चाचणी थांबवली.

१९ जानेवारी, सोमवार

आजीच्या अटी तीन. अक्षर मोठं हवं. झोपून पोटावर ठेवता यावं इतकं हलकं हवं. भाषांतर जुनंच हवं. "नव्या भाषेत देव शेजाऱ्यासारखा बोलतो," असं त्या म्हणतात. "साखर आहे का, विचारेल असं वाटतं."

प्रती तीन. पहिली : जुनं भाषांतर, मोठं अक्षर, वजन एक किलो नऊशे. पोटावर ठेवून श्वास घेता येणार नाही. दुसरी : हलकी, चेनवाल्या कव्हरची, अक्षर मुंगीएवढं. तिसरी : सोपी मराठी, म्हणजे शेजारी.

शिवाय तिसरीच्या अनुक्रमणिकेत त्र्याहत्तर पुस्तकं, बाकी दोन्हींत सहासष्ट. दुकानात फोन केला. दोन प्रतींत माल कमी आला आहे, म्हटलं.

"कमी नाही ताई. तिसरी कॅथलिकांची, तिच्यात सात जास्त आहेत."

"मग प्रमाण संख्या कुठली?"

"त्यावर काही शतकं बोलणं चालू आहे. तुमच्या त्या बाई कोणत्या चर्चला जातात, तेवढं विचारा."

हर्षदला विचारलं. "सहासष्टवाले," म्हणाला. "पण तूच निवड. तुला तपासायला आवडतं."

हळदीचं दुकानदाराला सांगितलं नाही.

२० जानेवारी, मंगळवार

संध्याकाळी लडकूकाका आले. शेजारी राहतात, जमिनीची दलाली करतात. हातात माझं सातवं पुस्तक. काकूंना वाणात मिळालं होतं.

"सुरभी, यात प्रत्येक पानावर लिवलंय, मूळ ग्रंथ पाहा. हाय का मूळ ग्रंथ? मूळ कागद बघितल्याबिगर मी बोलत नाय."

बाबांनी मोठ्या अक्षरांचं बायबल मांडीवर घेतलं. "एवढं चष्म्याबिगर दिसतंय की मला!" आणि पहिल्या पानापासून मोठ्याने वाचायला लागले. श्रावणात पोथी वाचतात त्याच चालीत. आईने समई लावली.

मी म्हटलं, हे कंपनीचं आहे.

"कंपनी काय वाचणार हाय का?" आत्या म्हणाली.

२३ जानेवारी, शुक्रवार

रोज वाचन. आज ऐकायला नऊ माणसं.

वंशावळ लागली. अमक्याला तमका झाला, तमक्याला अमका. मी म्हटलं, बाबा, हे गाळा. लडकूकाका चिडले. "वारस गाळून कसं चालंल? पुढं तंटे व्हतात!" आत्याची तक्रार वेगळी : "नुसते बापच बाप. पोरं काय आभाळातनं पडली? आयांची नावं कुठं हायत?"

मग अब्राहामची बायको वारते आणि तो तिला पुरायला जमीन घेतो, ते आलं. मालक म्हणतो फुकट घे, हा म्हणतो नाही, आणि गावासमोर चांदी तोलून देतो. शेत, गुहा, बांधावरची झाडं, सगळ्याचा उल्लेख करून. लडकूकाकांनी मांडीवर थाप मारली. "झाडांसकट! याला म्हंत्यात दस्त! फुकटाचा सातबारा व्हत नाय रं बाबा, यानं वळखलं."

आत्या म्हणाली, "बायको जित्ती असताना तंबूत. मेली तवा जागा घेतली."

बाबांनी पान उलटलं.

२६ जानेवारी, सोमवार

याकोब मामाकडे धाकटीसाठी सात वर्षं राबला. लग्नात पदराआड थोरली निघाली. अंगणात गोंधळ! आत्या लडकूकाकांकडे वळली. "हा सासरा तुमच्यातलाच दिसतोय. येक प्लॉट दाखवायचा, दुसरा गळ्यात घालायचा."

लडकूकाका आज चहा न घेता गेले.

२९ जानेवारी, गुरुवार

हातचं गेलं सगळं. नीट लिहिते.

हर्षद बायबल न्यायला आला. अजून निवड झालेली नाही, हे त्याला दारातच सांगितलं. अंगणात पोपटीचं मडकं लागलं होतं. आत वालाच्या शेंगा, अंडी, भामरुडाचा पाला, भोवती निखारे. बाबांनी त्याला बसवून घेतलं. "कंपनीतला पोरगा हाय, बस रं."

वाचन चालू होतं. योसेफला भाऊ खड्ड्यात टाकतात तिथे वीज गेली. समई केव्हाच विझलेली. आता काय, म्हणून सगळे थांबले. तर अंधारातून हर्षद पुढे बोलायला लागला. सावकाश, बाबा थांबले त्या शब्दापासून. व्यापारी आले, उंट आले, चांदी मोजली गेली, सदरा रक्तात बुडवला, बाप रडला. मी त्याला असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. कारखान्यात तो फक्त 'पट्टा बदलायला लागेल' एवढंच बोलतो.

वीज आली. बाबांनी ओळीवर बोट ठेवून सगळं तपासलं. शब्द न् शब्द बरोबर.

"पाठ कसं रं तुला?"

"आजीनं करून घेतलं, काका. आम्ही ख्रिस्ती आहोत."

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग मांडीवरच्या पुस्तकाकडे.

"म्हंजे कंपनीचं नाय."

"नाही," मी म्हटलं. "त्याच्या आजीसाठी."

आई उठून आत गेली. आत्या म्हणाली, "अंडी सोला कुणीतरी. गार व्हत्यात."

३० जानेवारी, शुक्रवार

बाबा पोथी आतल्या खोलीत नेऊन मनातल्या मनात पुढे वाचतात. अंगणातलं वाचन बंद. लडकूकाका कुंपणापर्यंत आले, आत पाहिलं, परत गेले.

आईने भांडी घासता घासता विचारलं. धर्म बदलायला लागेल का? नाही, नोंदणी पद्धतीने लग्न होतं, कोणी काही बदलत नाही. गौरीला येशील का? येईन. तो मटण खातो का? खातो. आईचे प्रश्न संपले. डोळे पुसले, तेही कोपराने, हात साबणाचे होते.

रात्री जेवताना बाबा भिंतीकडे बघून म्हणाले, "आपला देव येगळा, त्यांचा येगळा. जमायचं कसं?"

उत्तर आत्याने दिलं. ती सासर सोडून आली तेव्हा मी जन्मलेही नव्हते. याबद्दल ती घरात कधी बोलत नाही.

"दादा, माजं बघ. देव येक, जात येक, पोथी येक. लगीन तूच जमवलंस. मार चुकला का?"

बाबांची भाकरी ताटात राहिली.

१ फेब्रुवारी, रविवार

दुकानदाराचा फोन. मुदत संपली. मी खरं सांगितलं, हळदीसकट. तो इतका हसला की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. "एकाच प्रतीची किंमत लावतो. बाकी दोन तुम्हाला, भेट."

निवडही आज झाली. बाबांनी स्वतःहून विषय काढला.

"ती म्हातारी थांबली आसंल न्हवं? तिची पोथी आपण धरून बसलोय. बरं दिसत नाय." मग जरा थांबून, "पर योसेफ तुरुंगात हाय. अर्ध्यावर पोथी बाहेर द्यायची नस्ती."

तेव्हा मी दोन दिवस मनात घोळत होतं ते बोलले. आजीला मोठं अक्षर हवं, जुनी भाषा हवी, वजन नको. एकच मार्ग आहे. मोठी प्रत उसवून तिचे चार खंड करायचे. प्रत्येक पाचशे ग्रॅमच्या आत. पहिला खंड बाबा वाचून होईपर्यंत इथे राहील, तीन आजीकडे जातील.

आई दचकली. "देवाची पोथी कापणार?"

आत्याने हात झटकला. "कापती कुठं? पोथी सुटीच आसते. आपल्या पोथीची पानं बघ. सुटी पानं, वर फडकं, बांधायला दोरा. यांनीच उगा चिकटवून ठेवलीया."

मंजूर.

हर्षदला सांगितलं. तो म्हणाला, "हे फक्त तुलाच सुचू शकतं." कौतुक आहे की नाही, ठरवता आलं नाही.

३ फेब्रुवारी, मंगळवार

लडकूकाकांनी माणूस सुचवला. नागू, खालापूरला दस्त बांधून देतो. काम चोख. शिवण पक्की, पुस्तक उघडून सपाट राहतं. फक्त सवयीने प्रत्येक खंडाच्या शेवटी कोरं पान लावून दोन साक्षीदारांच्या सह्यांची जागा आखली आहे. विचारत होता, शिक्का मारून देऊ का?

तीन खंड आणि गीतांचं एक पुस्तक घेऊन संध्याकाळी खोपोलीला गेले. गीतांचं पुस्तक दुकानदाराने मागाहून सुचवलं होतं. आजींनी आडवं होऊन एक खंड पोटावर ठेवला. दोन-तीन दीर्घ श्वास घेऊन पाहिले. मग वाचलं. ओठ पानाच्या आधी हलत होते.

"हा पिवळा डाग कसला गं?"

मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "माझ्या आईच्या बायबलवरही हळदच होती. लोणच्याची." मग म्हणाल्या, "पहिला खंड ज्यांच्याकडे आहे, त्यांना फोन लाव."

हर्षद रात्रपाळीला गेला होता. फोन स्पीकरवर होता, मी ऐकत होते.

"कुठवर आलंय तुमचं?"

"योसेफ तुरुंगात हाय."

"मग घाई करू नका. पुढे चांगलं होतं त्याचं, पण वेळ लागतो."

त्यानंतर मला स्वयंपाकघरात चहा करायला पाठवलं. चहा दोनदा उकळला तरी बोलणं चालूच. अधूनमधून शब्द येत होते. 'मे महिना.' 'हॉल नको, अंगण.' 'वशाट, मटणबिटण चालतं ना तुमच्यात?'

घरी आले तर बाबा पायरीवर बसलेले. शेजारी लडकूकाका, नोंदणीच्या नोटिशीची मुदत समजावून सांगत होते. त्यांचं मत, हरकत घ्यायला कोणी आलंच तर त्याला आधी जेवायला वाढावं.

बाबा म्हणाले, "म्हातारी रोकठोक हाय. पटलं मला." आणि मग, पोथी उघडता उघडता, "आन पोरगा तुला काय बोलला लग्नाचं? त्याच्या तोंडचं सांग."

मी म्हटलं, विचारून सांगते.

५ फेब्रुवारी, गुरुवार

दोन दिवस आठवून पाहिलं. मग हर्षदला पाठवलं :

'तुझी आजी आणि माझे बाबा यांनी मे महिना ठरवला आहे. तपासताना लक्षात आलं की तू मला कधी विचारलेलं नाहीस. मीही तुला विचारलेलं नाही. आपण दोघांनीही ते धरून चाललो होतो, किंवा फक्त मी. म्हणून विचारते. माझ्याशी लग्न करशील का? रविवारपर्यंत कळव.'