पांढऱ्या ओळीतलं खिंडार

बुधवार, दिवेलागण

शांतीनं फसवलं. सख्खी बहीण, बोरी गावावरून गुलबक्षीचं बी धाडलं आन फोनवर म्हणली, "अक्का, सगळं पांढरं हाय." अंगणात दुसरा रंग नको, हे मी बजावलं होतं.

सून मंदा तवाच कुरकुरली, "आत्याबाई, नुसतं पांढरंच? लोकं काय म्हणतील?"

लोकांच्या डोळ्यात फूल पडलंय का? माझ्या डाव्यात पडलंय, बुबुळावर पांढरा डाग, उजवा बी धुरकट. सांज झाली की तांबडं-निळं सगळं बुडतं, पांढरं तेवढं तरंगतं. म्हणून तर दारापासून न्हाणीपर्यंत तगर, मोगरा आन मधी गुलबक्षी लावली. त्या ओळीच्या कडंनं काठीबिगर जाते. पाय भुईला लागतच न्हाईत, दुधातून चालल्यावानी वाटतं.

आज ओळीत मधीच खिंडार. म्हणलं, "मंदे, हे रोप मेलं का गं?"

ती रोपापाशी वाकली, म्हणली, "आत्याबाई, फुलांनी लगडलंय की. लाल हाय. उपटू का?"

हात लावून बघितला. खरंच भरलेलं, वास बी तोच. मला मातर खिंडारच. शांतीच्या बियानं दगा दिला, डोळ्यातलं फूल तेवढं बिनचूक पांढरं निघालं.

उपटू दिलं न्हाई. मंदा कवापासून परभणीच्या डोळ्याच्या दवाखान्याचं म्हणायलीय. ज्या सांजेला ओळीत दुसरं खिंडार पडंल, पांढरं बी बुडंल, त्याच्या दुसऱ्या दिवशी जाईन. तोवर न्हाई.

उद्या शांती फोनवर विचारणारच, सगळी पांढरी फुलली का म्हणून. मी बोलणार न्हाई. जिला लाल दिसलं तिनंच, मंदानंच, उत्तर द्यायचं.