काकूंचा पदर आणि कासव

नोव्हाय, मिशिगन
२२ जून २००६

ती. सुमित्राआत्यास,

ईशानचा नमस्कार. (बाबा म्हणाले शि. सा. न. लिही. त्याचा लाँग फॉर्म मला येत नाही, म्हणून साधाच.) तुझा गुडघा कसाय? आजीचं बीपी? तिचं मेतकूट मी अजून पुरवून पुरवून खातोय. इकडे सगळे बरे. वसुधाकाकू पण बऱ्या आहेत, म्हणजे आता आहेत. गेल्या शनिवारी थोडा वेळ नव्हत्या. तेच लिहायला बसलोय. माझं मराठी सहावीपर्यंतचं, सांभाळून घे.

तर काकू येत्या रविवारी साताऱ्याला परत येतायत, आणि त्यांना दाखवायचे सगळे मॉल संपले, म्हणून बाबांनी ठरवलं की जवळच्या छोट्या स्टेट पार्कमध्ये फिशिंगला नेऊ, हरणं पण दिसतील. (आईची ड्युटी होती. लकी.) मी फेब्रुवारीत शाळा सोडली ते तुला माहितीय. आजीला माहीत नाही, आणि काकूंना पण नव्हतं. काकू तुमच्याच गल्लीत राहतात, म्हणजे काकूंना कळलं की आजीला कळलं. म्हणून बाबांनी गाडीत बसायच्या आधीच मला सांगून ठेवलं, शाळेचा विषय निघाला की तू पाण्याकडे बघायचं. निघालाच. मी इतका वेळ पाण्याकडे बघितलं की काकू म्हणाल्या, याला माशांचं फार वेड दिसतंय. बाबांना एकच मासा लागला, माझ्या तळहाताएवढा, तो पण काकूंनी परत सोडायला लावला. त्याची आई शोधत असेल म्हणे. एक मोठा निळा बगळा आला होता. काकू त्याला या या म्हणाल्या, तो गेला.

मग कासव आलं. तळ्यातून वर येऊन पार्किंगजवळच्या खडीत बसलं, परातीएवढं. आत्या, हे देवळातलं कासव नाही, हे चावतं. मी शाळा सोडल्यापासून रोज सायकलने तिथे जातो, म्हणून मला माहितीय. ती कासवीण आहे, अंडी घालायला येते आणि तेव्हा तिचं डोकं फार फिरलेलं असतं. एकदा तिने माझ्यासमोर काठी मोडलीय. पण काकूंनी बूट काढले. (साडीवर स्नीकर्स होते.) देवळात करतो तसं पाठीला हात लावून नमस्कार करायला वाकल्या. आणि बाबा कॅमेरा काढून म्हणतात, वहिनी, जरा तोंडाकडे सरका.

तुला माझं माहितीय. वर्गात उभं केलं की माझा आवाज जातो, त्यापायीच तर शाळा गेली. तिथे पण तस्संच. तोंड उघडलं, काहीच नाही. काकूंचा हात खाली खाली चाललाय. आणि मग एकदम मी ओरडलो, "काकू, मागे व्हा! मी रोज बघतो तिला, ती चावते!" काकूंनी हात मागे घेतला. कासविणीने मान काढली (तिची मान संपतच नाही) आणि पदर धरला.

पदर सोडून द्यावा तर तो ब्लाउजला पिन केलेला, वरून आईचा स्वेटर. बाबा ओढायला लागले. मी परत ओरडलो, ओढू नका, ओढलं की ती अजून घट्ट धरते, गप्प उभे राहा, कंटाळली की सोडेल. बाबा गप्प उभे राहिले! माझं ऐकून! आम्ही तिघं आणि कासव, कोणी हलेना. तेव्हा काकू हळूच म्हणाल्या,

"रोज बघतोस?"

मी पाण्याकडे बघितलं.

"पाणी तिकडेच राहील. रोज बघतोस तर शाळेत कधी जातोस?"

बाबांनी पण पाण्याकडे बघितलं. मग मी सांगितलं. फेब्रुवारीपासून नाही जात. कासव सोडेना. शेवटी सोडलं, टिकलीएवढी दोन भोकं ठेवून.

घरी येताना अर्ध्या रस्त्यात काकू म्हणाल्या, "मी होऊन काही सांगणार नाही. पण काकींनी विचारलं तर खोटं बोलणार नाही." आणि त्यांच्या काकी म्हणजे आपली आजी, ती तर सगळंच विचारते.

सगळ्यांना नमस्कार, मनीला पण.

तुझा,
ईशान

ता. क. : खरं काम हे आहे. दर रविवारी आजी फोनवर विचारते, बारावीचं कसं चाललंय, आणि मी हं म्हणतो. मला ते हं आता नको झालंय. हे पत्र तिला मोठ्याने वाचून दाखव. कासवापाशी ती हसेल, तेव्हा थांबू नकोस, पुढचं पण लगेच वाचून टाक. आणि सांग की मी घरी बसून परीक्षा देणार आहे. खरंच देणार आहे. त्यानंतरच्या रविवारी मी स्वतः फोन करीन आणि हं म्हणणार नाही.

ता. क. २ : पोस्टाने पोचायच्या आत आजी काकूंना विचारेल, म्हणून पत्र काकूंच्याच हाती पाठवतोय. पाकिटाला तीन बाजूंनी टेप लावलीय. काकू म्हणाल्या, मी कशाला वाचतेय!

ता. क. ३ : काकू, इथपर्यंत आलाच आहात तर पदराचं सॉरी. आणि आता आजीला तुम्हीच सांगा, चालेल मला. फक्त कासवाचं आधी सांगा.