मार्थाबाई, मला का नाही सांगितलंत?

प्रिय मार्थाबाई,

परवा तुम्हाला माती देऊन घरी आले. कबरीपाशी पाळकांनी विचारलं, "विद्यार्थ्यांपैकी कुणी बोलणार का?" सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडून शब्द फुटला नाही, बाई. म्हणून आज लिहायला बसलेय.

टेंभुर्णीहून जालन्याच्या मिशन कॉलेजात आले, तेव्हा केवढंसं होतं ते! थोड्या खोल्या, एक सभागृह, आवारात कडुलिंब. परदेशी मिशनरी केव्हाच परत गेले होते. प्राचार्या तुम्ही होतात. कुठल्याही शाखेचा असो, प्रत्येकानं इतिहास वाचायचा, गाणं म्हणायचं आणि आपला वर्ग आपण झाडायचा. "नोकरीचं काम कुणीही शिकवील, लेकरांनो. इथं माणसांत राहायला शिका," म्हणायच्या तुम्ही.

सकाळच्या प्रार्थनेला मी दारातच अडले. "आम्ही बौद्ध आहोत, बाई. मी बाहेर थांबू का?"

"कुठंही बस. पण उद्या तुमची वंदना आम्हाला ऐकव."

दुसऱ्या दिवशी मी त्रिशरण म्हटलं, तर तुम्ही उठून उभ्या राहिलात! तुमच्यामागं अख्खं सभागृह उभं राहिलं. घरी वडिलांना, आप्पांना हे सांगितलं. ते म्हणाले, "तिथंच शीक. दुसरीकडं जाऊ नको."

पुढच्या वर्षी तुम्ही प्राचार्यांच्या खोलीतून स्टाफरूमच्या कोपऱ्यात आलात. मी विचारलं, तर हसलात. "कामकाजाचा कंटाळा आल्ता गं. मला वर्गच बरा." आणि मला ते खरं वाटलं!

खरं काय ते परवा तुमच्या बहिणीनं, सलोमीमावशीनं सांगितलं. त्या वंदनेवरून संस्थेच्या मंडळानं तुम्हाला बोलावलं होतं. "पुन्हा असं होणार न्हाई एवढं कबूल करा, अन् खुर्चीवर राहा." तुम्ही म्हणालात, "पोरगी आपल्या घरात आली अन् तिनं तिची प्रार्थना म्हणू न्हाई? मंग खुर्ची ठेवा तुमच्याकडं."

मला का नाही सांगितलंत, बाई? मी कॉलेज सोडून जाईन म्हणून? तुमच्याच एका विद्यार्थ्याला त्या खुर्चीत बसवलं, आणि तुम्ही त्याला निवृत्तीपर्यंत 'सर' म्हणत राहिलात. कसं जमलं हो?

पुढं पोरं कॉम्प्युटरकडं वळली. वर्ग ओस पडले. कॉलेज बंद करायचं ठरलं तेव्हा तुम्ही फोनवर एवढंच म्हणालात, "आपलं कॉलेज गेलं गं." मी माझ्या घरून, अंबडहून तशीच निघाले. रिकाम्या सभागृहात तुम्ही एकट्याच बाकं पुसत होतात. मीही फडकं घेतलं.

आता तुम्ही दोघी राहत होतात ते क्वार्टर संस्थेनं मावशींना रिकामं करायला सांगितलंय. त्या भांडी बांधत बसल्यात, कुठं जायचं ते ठाऊक नाही. मी विषय काढला, तर म्हणाल्या, "तू कशाला तरास करून घेऊन राह्यलीस?"

मी ऐकणार नाही. रविवारी गाडी घेऊन येतेय. माझ्या घरातली पुढची खोली त्यांच्यासाठी मोकळी केलीय. दर रविवारी त्यांना चर्चला सोडीन आणि प्रार्थना संपली की घरी आणीन. त्या एकट्या पडणार नाहीत, बाई. शब्द देते.

तुमची,
सुजाता