बारीक सुई, जाडी सुई

प्रिय बाबा,

आज आईच्या फुप्फुसातल्या गाठीचा तुकडा सुईने काढला. रिपोर्ट यायला वेळ आहे आणि ती झोपली आहे. तुमच्याशिवाय हे कोणाशी बोलू?

डॉक्टरीणबाईंनी जाड सुई लावायची म्हटल्यावर आई माझ्यावरच उखडली. "तुह्या बाबाले बारीक लावली, मले जाडी काऊन? मी का म्हैस आहो?" खरंच, काऊन? मग डॉक्टरीणबाईंनाच विचारलं.

बारीक सुई गाठीतल्या सुट्या पेशी ओढून घेते, त्या काचेवर पसरून बघतात. रक्त कमी जातं. पण कधी पेशीच पुरत नाहीत. कॅन्सर दिसला तरी कोणत्या जातीचा, कोणतं औषध चालेल, हे नेहमी कळत नाही. जाड सुई शेवईच्या तुकड्यासारखं मांस कापून आणते. त्यात पेशींची रचना दिसते, पुढच्या तपासण्याही होतात. रक्त जाण्याचा धोका मात्र थोडा जास्त. फुप्फुसातून हवा गळायची भीती दोन्हीत आहेच.

"मग बाबांना बारीक का?" मी तुमची जुनी फाईल पुढे केली.

"त्यांची गाठ मोठ्या रक्तवाहिनीला लागून होती. मीही आधी बारीकच लावली असती. आईची बरगडीजवळ आहे."

बघा, किती सरळ उत्तर होतं! तुम्ही असता तर आणखी दहा प्रश्न विचारले असते.

आपल्या गोरेगावच्या बाजारात तुम्ही नमुना काढायला धानाच्या पोत्यात ती टोकदार लोखंडी परखी खुपसायचात. दाणे तळहातावर घेऊन फुंकायचात, एक दाताखाली चावायचात. साफ निघालं की सौदा पक्का. त्याच पोत्याला दुसऱ्यांदा परखी लावणं म्हणजे शेतकऱ्याचा अपमान, असं तुम्ही म्हणायचात.

तुमच्या रिपोर्टात लिहिलं होतं, पेशी अपुऱ्या, तपासणी पुन्हा करावी. तुम्ही काय म्हणालात? "काही निघालं नाही ना? मंग साफ आहे! धान येऊन राहिलं, आता कायले पुन्हा टोचू?" आणि तो सगळा हंगाम तुम्ही खोकत बाजारात काढला. दुसरी सुई लागली तोवर गाठ पसरली होती.

बाबा, पोतं आणि फुप्फुस सारखंच कसं समजलात? की भीती लपवायला ते सोयीचं पडलं? एवढं तरी सांगून जायचं होतं.

आईने मात्र तुमचं बोलणं खरं धरलं. "त्यायचं साफ निघालं होतं. पुन्हा टोचलं अन् रोग वाढवला," हेच ती आजवर सांगत आली. म्हणूनच माझ्याकडून कबूल करून घेतलं, "एकदाच. मंग नाही म्हंजे नाही." आणि हाही तुकडा पुरला नाही तर?

मशीनखाली पालथी पडून तिने श्वास असा रोखला की बाई म्हणाल्या, "आजी, झालं! आता सोडा." नंतर तिने बाटली बघायला मागितली. औषधाच्या पाण्यात पांढुरका दोऱ्याएवढा तुकडा. "बापा! एवढ्याशासाठी एवढं?" मग हळूच, "त्यायचं बी असंच होतं का?"

"नाही. त्यांच्या पेशी पुरल्याच नाहीत. साफ निघालं असं कोणी म्हटलंच नव्हतं, आई."

तिने बाटली पुन्हा उजेडात धरली. "म्हंजे तवाच पुन्हा टोचाले पायजे होतं?"

"हो."

"मंग रोग सुईनं नाही वाढला." पदराने तोंड पुसलं तिने. "गरज लागली तं मले पुन्हा टोचू दे डाक्टरले. तू मधात येऊ नको."

मी मधात येणारच नव्हतो, बाबा! पण तिच्या तोंडून हे ऐकल्यावर आज कितीतरी दिवसांनी पोटभर जेवलो.

रिपोर्ट काहीही येवो, मी तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचीन, आईला जसाच्या तसा सांगीन. नाही समजलं तर विचारीन, पुन्हा विचारीन. आणि डॉक्टर पुन्हा बोलावतील त्याच दिवशी तिला घेऊन जाईन, धान खळ्यावर पडलं असलं तरी.

तुमचा थोरला,
सुधीर