वेणीपुरता हात

माय, माझ्या डाव्या खांद्याखाली, कातडीच्या आत, आता काडेपेटीएवढी एक डबी आहे. तिच्यातून निघालेली तार काळजात जाऊन टेकली आहे. काळीज फार सावकाश चालायचं. नळावर पाणी भरताना दोनदा डोळ्यांपुढे अंधारी येऊन पडले, तेव्हा डॉक्टरांनी ती बसवली. तू असतीस तर आधी मीठमिरची ओवाळून टाकली असतीस आणि मगच मला दवाखान्यात जाऊ दिलं असतंस. डबी नीट चालते, तिची काळजी नाही. बिघडला तो हात. आणि त्यात थोडा दोष तुझाही आहे, म्हणून हे लिहायला बसले.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, सहा आठवडे कोपर खांद्याच्या वर न्यायचं नाही, पण खालच्या खाली हात हलता ठेवायचा. मी पहिलं तेवढं ऐकलं. दुसरं कानावरून गेलं, कारण पहिलं तू मला लहानपणीच शिकवलेलं होतं. गोडादऱ्याच्या वस्तीतली आपली खोली, जमिनीवर पसरलेली मोरपंखी साडी, तू गोंदाचे ठिपके देतेस आणि मी मागून टिकल्या बसवते. मी दहा वर्षांची. पदर कसा दिसतो ते बघावं म्हणून मी साडी उचलते, आणि ओल्या गोंदावरून सगळ्या टिकल्या घसरतात. तू माझ्या हातावर चापट मारतेस. "वाळू दे ना व! वाळस नही तवलोंग हात लावू नको." पुढे तीस वर्षं मी हेच काम केलं आणि हाच नियम पाळला. मग काळजात नवी चिकटवलेली तार मी कशी हलू देईन? साडीच्या किनारीची एक लांब पट्टी घेतली आणि हात छातीशी बांधून टाकला. सहा आठवड्यांचे दहा झाले. म्हटलं, जास्त वाळलं तर काय बिघडतं?

पट्टी सोडली तेव्हा हात पोटाच्या वर येईना. व्यायाम शिकवणारी बाई माझ्यावर जवळजवळ ओरडलीच. "बेन, बांधके रखने को किसने बोला था?" काय सांगणार तिला, माझ्या आईने म्हणून? तिने भिंतीसमोर उभं केलं आणि बोटांनी भिंत चढायला लावलं, मुंगीच्या चालीने. घरी रोज तेच करायचं. बोटं जिथे थांबतील तिथे माझी मुलगी पेनाने रेघ मारते. ती मार्केटात एका साडीच्या दुकानात कामाला जाते, साडेनऊला तिची रिक्षा. त्याआधी ती माझे केस विंचरते. मी न सांगताच तिने ते सुरू केलं. पहिल्या दिवशी मी एका हाताने अंबाड्याशी झटापट करत होते, तिने कंगवा काढून घेतला आणि शाळेपासून तोंडात बसलेल्या गुजरातीत म्हणाली, "मम्मी, शांतीथी बेस. हजी वार छे." अजून वेळ आहे म्हणते आणि डोळा घड्याळावर असतो. मी तिच्याकडे पाठ करून बसते आणि मला तू आठवतेस. ते मला सहन होत नाही.

तुझाही खांदा असाच धरला होता. कुणी दवाखान्यात नेलं नाही. शेक घे म्हणाले, तू घेतलास. तुझे केस कंबरेपर्यंत होते आणि वेणीपुरताही हात वर जात नव्हता. सकाळी दारात बसून तू कंगवा पुढे करायचीस. "मना केस इचरी दे व माय." मी अकरावीत होते. घाईघाईत ओढून वेणी घालायचे, तुझी मान मागे यायची, तू ती पुन्हा सरळ धरायचीस. असं पंधरा दिवस चाललं. मग एका सकाळी रिक्षा चुकली आणि मी तुझ्या मांडीवर कंगवा टाकला. "रोजनं काय शे तुनं? थोडा हात वर कर ना! नाटक करस नुसती." तू माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, "जाय, तुले उशीर व्हई."

संध्याकाळी आले तर तुझे केस मानेपर्यंत कापलेले. शेजारच्या मावशीने धागे कापायच्या कात्रीने कापले होते. गल्लीतल्या बाया विचारायला आल्या, कुंकू लावणारी बाई केस कापते म्हणजे काय, आणि तू हसून सगळ्यांना सांगितलंस की डोक्यात उवा झाल्या होत्या. माझं नाव आलं नाही. माय, तेव्हा मला वाईट वाटलं नव्हतं. सुटले असं वाटलं होतं. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. पुढच्या आठवड्यात केसांवर भांडी देणारी बाई आली, तिला तू ती वेणी दिलीस आणि एक स्टीलची वाटी घेतलीस. "तुना डबामां भाजीले व्हई," म्हणालीस. त्या वाटीतून मी दोन वर्षं कॉलेजात भाजी खाल्ली.

तू पुन्हा केस वाढवलेच नाहीस. हातही कधी वर गेला नाही. तुला शेवटची आंघोळ घातली तेव्हा बायांनी माझ्याकडे कंगवा मागितला. मी दिला, पण विंचरायला होतं काय? मावशीने दोनदा फिरवला आणि बाजूला ठेवला. मी तिथेच उभी होते, दोन्ही हात धड असलेली.

वाटी अजून आहे. मुलगी तिच्यातच तेल ओतते. ती कुठून आली हे तिला माहीत नाही. सांगायचं ठरवते, पण तिची बोटं केसांत फिरायला लागली की उद्यावर टाकते. वाटतं, ऐकून तिचा हात थांबला तर?

हे पत्र कुठे टाकायचं नाही. साड्यांच्या गठ्ठ्याखाली ठेवून देईन. एकच गोष्ट राहिली. गेल्या गुरुवारी घरात कुणी नसताना मी भिंत चढले आणि बोटं सगळ्या रेघांच्या वर गेली. मग आरशापुढे उभी राहिले आणि दोन्ही हातांनी अंबाडा घातला, चांगला घट्ट. थोडा वेळ बघितला आणि सोडून टाकला. मुलीला सांगितलेलं नाही. ती पेन घेऊन उभी राहते तेव्हा मी जुन्याच रेघेशी बोटं थांबवते. ती म्हणते, "कंई नही मम्मी, काले जशे," उद्या जाईल. आणि मी कंगवा घेऊन तिच्यापुढे बसते.